द्वितीय वर्षाच्या इंग्रजीसाठी ऑनलाइन उपक्रम: पहिल्या सत्राच्या नोंदी, पुणे

वर्ग: द्वितीय वर्ष कला, विषय इंग्रजी, विद्यार्थी ६०. पुण्यातलं अनुदानित महाविद्यालय. भोर, सासवड, चाकणकडून रोज ये-जा करणारे बरेच. बहुतेकांकडे फोन हेच एकमेव साधन, लॅपटॉप मोजक्यांकडे. ज्यांना असेच उपक्रम लावायचे आहेत त्यांना पुढचं सगळं उपयोगी पडावं म्हणून हे जसं घडलं तसं लिहून ठेवत आहोत.

७ जुलै २०२५: तयारी

साधनं दोनच ठरवली. विभागाचं मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायची प्रणाली) आणि गुगलचे फॉर्म व डॉक्स. प्रत्येक उपक्रमाला नवं ॲप घ्यायला लावलं की निम्मी ताकद लॉग-इनमध्येच जाते, आणि मग विद्यार्थी वाचायच्या आधीच दमतात.

विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमधून मूडलला चढवताना दोन अडचणी आल्या. देवनागरीतली नावं साध्या सीएसव्हीत सेव्ह केली की त्यांची प्रश्नचिन्हं होतात. सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा. दुसरी अडचण पासवर्डची. मूडलच्या मूळ नियमाप्रमाणे किमान आठ अक्षरं, एक मोठं अक्षर, एक लहान, एक अंक आणि एक चिन्ह लागतं. जन्मतारीख पासवर्ड म्हणून टाकलेली सगळी खाती नाकारली गेली. पहिला आठवडा जवळजवळ यातच गेला. पुढच्या सत्रात हे काम सुट्टीत उरकायचं.

साहित्यकृती निवडताना कॉपीराइट आधी पाहिला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. म्हणून साकी या ब्रिटिश लेखकाची ‘द ओपन विंडो’ ही कथा (साकी १९१६ मध्ये गेला) आणि तोरू दत्त या भारतीय कवयित्रीची ‘अवर कॅशुरिना ट्री’ ही इंग्रजी कविता (त्या १८७७ मध्ये गेल्या) निवडल्या. मजकूर कापता येतो, नावं झाकता येतात, ओळींना क्रमांक देता येतात, कोणाची परवानगी लागत नाही. हक्कातली कविता शिकवायची असेल तर ती पुस्तकातूनच वाचून घ्या. तिचा स्कॅन खुल्या लिंकवर ठेवू नका.

स्कॅन टाळण्याची आणखी दोन कारणं. साकीची कथा साध्या मजकुरात दहा केबीच्या आत बसते, तिचा स्कॅन काही एमबीचा होतो. आणि टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय) वापरणाऱ्या विद्यार्थ्याला स्कॅन हे चित्र असतं, त्यातला मजकूर फोन नीट वाचून दाखवेलच असं नाही. प्रोजेक्ट गुटेनबर्गवरून (हक्क संपलेल्या पुस्तकांचं मोफत संकेतस्थळ) घेताना एचटीएमएल प्रत घ्या. साध्या टेक्स्ट प्रतीत प्रत्येक ओळ ठरावीक लांबीला तोडलेली असते, फोनवर ती मध्येच अर्धी पडते आणि गद्यसुद्धा कवितेसारखं दिसू लागतं.

१४ जुलै: प्रश्नोत्तर फोरम

मूडलच्या फोरममध्ये ‘प्रश्न आणि उत्तर’ असा एक प्रकार आहे. स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय दुसऱ्याचं दिसत नाही. साध्या फोरमवर पहिलं उत्तर आलं की बाकीचे त्याच्याच दोन ओळी फिरवून टाकतात, म्हणून हाच प्रकार घेतला.

तरी पहिल्या संध्याकाळी तक्रारींचा पाऊस पडला: ‘सर, उत्तर टाकलं पण इतरांचं काहीच दिसत नाही.’ बिघाड काही नव्हता. उत्तर दुरुस्त करायला मूडल जो वेळ देतं (मूळ सेटिंग ३० मिनिटं) तो संपेपर्यंत इतरांची उत्तरं झाकलेलीच राहतात. हे सूचनेत ठळक लिहा. नाहीतर मुलं तेच उत्तर पुन्हा टाकत बसतात. वेळ कमी करायची असेल तर ते सेटिंग ॲडमिनकडे असतं, शिक्षकाच्या पानावर सापडत नाही.

खरा प्रश्न मात्र आमच्या प्रश्नात होता. ‘कथेची मध्यवर्ती कल्पना स्पष्ट करा’ असं विचारलं की दोन जातींची उत्तरं येतात. एक अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या गाइडमधली, दुसरी चॅटबॉटने लिहिलेली. दोन्ही नीटनेटकी, दोन्हींत कथेतला एकही शब्द नाही. असे प्रश्न त्याच दिवशी बंद केले. नवा साचा: उताऱ्यातलं एक वाक्य निवडा, त्यातला कोणता शब्द काढला तर वाक्य लुळं पडेल ते सांगा, कारण ४० शब्दांत. चुकीचं इंग्रजी चालेल, वाक्याचा क्रमांक हवाच. उत्तरं तोकडी झाली, इंग्रजी कच्चं झालं, पण ती वाचलेल्या माणसाची उत्तरं होती.

२१ ते २५ जुलै: थांबत थांबत वाचन

या सत्रातला सगळ्यात भरीव उपक्रम हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

‘द ओपन विंडो’ जेमतेम बाराशे शब्दांची आहे. शहरातून प्रकृतीसाठी गावाकडे आलेला फ्रॅम्टन, त्याच्याशी गप्पा मारणारी पंधरा वर्षांची व्हेरा, आणि उघडी खिडकी. कथेचा सगळा डाव शेवटच्या दोन-चार वाक्यांत उलगडतो, त्यामुळे अंदाज बांधायला ती फार चांगली. कथा पाच तुकड्यांत कापली:

तुकडा १: व्हेरा फ्रॅम्टनला ‘इथल्या फार लोकांना ओळखता का’ असं विचारते तिथपर्यंत.
तुकडा २: व्हेराच्या मावशीच्या दुःखाची, शिकारीला जाऊन परत न आलेल्या तिघांची हकीकत संपेपर्यंत.
तुकडा ३: ‘आले एकदाचे’ असं मावशी म्हणते तिथपर्यंत.
तुकडा ४: फ्रॅम्टन पळतो आणि रस्त्यावरचा सायकलवाला कुंपणात घुसतो तिथपर्यंत.
तुकडा ५: उरलेलं सगळं.

प्रत्येक तुकड्याखाली एकच प्रश्न: आता पुढे काय होईल, आणि मजकुरातल्या कोणत्या शब्दांवरून तसं वाटतं? दुसऱ्या भागावर जोर हवा. तो नसला की नुसत्या अटकळी येतात.

आधी हे सगळं एकाच गुगल फॉर्ममध्ये पाच विभाग करून लावलं. ते बसलं नाही. फॉर्मला मागे जायचं बटण असतं आणि ते काढता येत नाही. मुलं शेवट वाचून मागे गेली आणि अंदाज दुरुस्त करून आली. पहिल्याच टप्प्यावर सगळ्यांना शेवट कळला होता, तेव्हाच शंका आली.

दुरुस्ती अशी: पाच वेगळे फॉर्म. प्रत्येक फॉर्म पाठवल्यानंतर जो पोचल्याचा संदेश दिसतो त्यातच पुढच्या फॉर्मची लिंक. ‘एकदाच उत्तर’ चालू, ‘पाठवल्यावर बदल’ बंद. रात्रीत पाचव्या फॉर्मची लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली, तेव्हा आणखी एक कुलूप लावलं: पुढचे फॉर्म बंदच ठेवायचे, रोज रात्री नऊला एक उघडायचा. मूडलवर हेच ‘प्रवेशावर निर्बंध’ वापरून होतं. आधीचा टप्पा पूर्ण झाल्याशिवाय पुढचा दिसतच नाही. वेळ असेल तर मूडलच वापरा.

कथा नेटवर सहज सापडते. म्हणून शीर्षक काढलं आणि पात्रांची नावं बदलली, पाचव्या तुकड्यानंतर खरी नावं दिली. तरीही एखादं वाक्य शोधून कोणी पोचेलच. त्याने बिघडत नाही, कारण गुण अंदाज बरोबर आला म्हणून नव्हते, पुराव्याला होते.

निकाल पाहण्यासारखा होता. तिसऱ्या तुकड्यावर बहुतेकांनी भूतकथा धरली. एका उत्तरात मात्र असं होतं: व्हेराने बोलायला सुरुवात करण्याआधी ‘तुम्हाला मावशीबद्दल काहीच माहीत नाही ना’ अशी खात्री करून घेतली, ही चौकशी कशासाठी? हे वाक्य दुसऱ्या तुकड्याच्या अगदी सुरुवातीला आहे आणि इतरांच्या नजरेतून निसटलं होतं. पुढच्या तासाला हेच उत्तर फळ्यावर घेतलं. अविश्वसनीय निवेदक ही संकल्पना वेगळी शिकवावी लागली नाही. शेवटच्या तुकड्यात व्हेरा गंगेकाठच्या दफनभूमीची आणि भटक्या कुत्र्यांची नवी हकीकत तितक्याच सहजतेने रचते, तिथे मुलं आपणहून म्हणाली, ‘हिने पहिलीही अशीच रचली.’

४ ऑगस्ट: कवितेवर टिपणं

‘अवर कॅशुरिना ट्री’: पाच कडवी, प्रत्येकी अकरा ओळी, एकूण ५५. सगळ्या वर्गासाठी एकच गुगल डॉक उघडलं तर ते फोनवर अडखळतं, आणि कोणाचं बोट चुकून लागलं की आख्खं कडवं जातं. गेलं तसंच. आवृत्ती इतिहासातून परत आणलं, पण त्यात मधल्या काळात लिहिलेली टिपणं हरवली. ब्राउझरमधलं टिपणाचं एक्स्टेन्शनही फोनवर पाहिलं. शब्द निवडला की अँड्रॉइडचा स्वतःचा कॉपी-शेअरचा पट्टा आडवा येतो. सोडून दिलं.

जे चाललं ते: दहा डॉक, प्रत्येकात सहा जण, हक्क फक्त कमेंटचा. प्रत्येक ओळीच्या आरंभी क्रमांक हाताने टाइप केलेला. हा क्रमांक नसेल तर चर्चा ‘ती मधली ओळ’ यापलीकडे जात नाही. प्रत्येक कडवं दोन गटांना. प्रत्येकाने एकाच शब्दावर कमेंट टाकायची, २५ शब्दांच्या आत, आणि गटातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी कमेंटला एक प्रश्न विचारायचा.

पहिल्या कडव्यात वेल अजगरासारखी खोडाला विळखे घालते, यावर टिपणं पटापट आली. दुसऱ्यात झाडाच्या शेंड्यावर बसलेला वानर, कोकिळ, तळ्यातली कमळं: इथेही अडचण नाही. घसरण तिसऱ्यात झाली. २३व्या ओळीपासून कविता वळते. झाड भव्य आहे म्हणून प्रिय नाही, त्याखाली सोबत खेळलेल्यांमुळे प्रिय आहे. ‘निसर्गाचं वर्णन’ हे तयार उत्तर घेऊन आलेल्यांना हे वळण दिसलंच नाही. दोन कमेंटींमध्ये तर कवितेत नसलेल्या ओळी उद्धृत केल्या होत्या. चॅटबॉटचं उत्तर ओळखायला ओळ क्रमांक विचारणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय आहे, तपासायला काही सेकंद लागतात.

वळण कोणती ओळ करते, हा प्रश्न सगळ्या गटांना पुन्हा टाकला. त्यानंतरच तोरू दत्त यांच्या भावंडांचे मृत्यू (भाऊ १८६५, बहीण १८७४) सांगितले. चरित्र आधी सांगितलं की मुलं कविता चरित्रातून वाचतात, ओळीतून वाचत नाहीत. क्रम महत्त्वाचा.

३० आणि ३१ या ओळींत झाडाचा आवाज विलापासारखा, गोट्यांच्या किनाऱ्यावर फुटणाऱ्या समुद्रासारखा येतो. कॅशुरिना म्हणजे आपलं सुरू, हे वर्गात फार थोड्यांना माहीत होतं. गुहागरकडच्या एका विद्यार्थिनीने ३१व्या ओळीवर लिहिलं, की सुरूच्या बनात उभं राहिलं की समुद्राचा आवाज कुठला आणि झाडांचा कुठला हे कळत नाही, म्हणून ही उपमा तिला उपमा वाटतच नाही. तिचं इंग्रजी मोडकं होतं. त्या कमेंटवर गटातल्या पाचही जणांचे प्रश्न आले. अशा एका टिपणासाठी हा सगळा खटाटोप करावासा वाटतो.

१८ ऑगस्ट: वाचून रेकॉर्ड करणं

काम: कोणतंही एक कडवं मोठ्याने वाचून ९० सेकंदांच्या आत रेकॉर्ड करा. फोनच्या रेकॉर्डरच्या फायली चढेनात. आमच्या सर्व्हरवर अपलोडची मर्यादा पीएचपीची (मूडल ज्या भाषेत लिहिलंय तिची) मूळचीच, म्हणजे २ एमबी. डब्ल्यूएव्ही प्रकारची फाइल मिनिटाला दहा एमबीपर्यंत जाते. मूडलच्या एडिटरमधल्या माइकच्या बटणाने रेकॉर्ड केलं तर १२८ केबीपीएसला ९० सेकंद साधारण दीड एमबीत बसतात. हे बटण मुळात दोन मिनिटांना थांबतं आणि साइट एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणीची) नसेल तर माइक चालूच होत नाही. फोनवर ॲप न वापरता ब्राउझरमधून उघडायला सांगा.

वेळ संध्याकाळची ठेवली आणि तिथे काम फसलं. गणपतीआधीचा महिना, नदीपात्रात पथकांचा सराव, पेठांमधल्या खोल्यांत ढोलाशिवाय काही ऐकू येत नाही. वर्गातली काही मुलं स्वतःच पथकात. मुदत सकाळी अकरापर्यंत केली आणि ग्रंथालयाशेजारची एक रिकामी खोली रेकॉर्डिंगसाठी मोकळी करून घेतली.

ऐकण्याचा हिशेब आधी मांडा. ६० जण, प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे नुसतं ऐकायलाच दीड तास. त्यावर सगळं दुरुस्त करत बसलात तर आठवडा जातो आणि विद्यार्थ्याच्या हातात पंधरा चुकांची यादी पडते. म्हणून अभिप्राय एकाच गोष्टीवर, वर्गालाही ती आधी सांगून. या वेळी व्ही आणि डब्ल्यू. मराठीत दोन्हींसाठी एकच व, त्यामुळे ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’ कानाला एकच होतात. वरचे दात खालच्या ओठाला टेकले का, एवढंच पाहायचं. उच्चार ब्रिटिश करण्याचा आग्रह कुठेही धरला नाही.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर: गणेशोत्सव

या काळात मुदतीचं काम ठेवू नये. ठेवलं नाही.

१० सप्टेंबर: आर्टिकल्सचा सराव

एच-फाइव्ह-पी (मूडलमध्ये सराव तयार करायचं साधन) वापरून साकीच्या परिच्छेदातली ए, ॲन, द काढून रिकाम्या जागा केल्या. मराठीत आर्टिकल नसल्यामुळे पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत ही चूक राहते. शब्द ओढून बसवण्याचा प्रकार फोनवर निरुपयोगी ठरला. शब्द खाली, जागा वर, ओढताना पानच सरकतं. टाइप करून भरण्याचा प्रकार घ्या. ‘मोठं-लहान अक्षर पाहा’ हा पर्याय बंद करा, कारण फोन पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो. जिथे दोन उत्तरं चालतात तिथे मधे तिरपी रेघ देऊन दोन्ही लिहा. एका सरावात दहाच जागा. मूळ मजकुरातलं आर्टिकल हे एकमेव बरोबर उत्तर असतंच असं नाही. तासाभराची चांगली चर्चा याच जागांवर झाली, म्हणून त्या मुद्दाम दोन-तीन ठेवा.

२२ सप्टेंबर: एकमेकांचं लेखन तपासणं

मूडलच्या वर्कशॉपमध्ये २५० शब्दांचा निबंध, प्रत्येकाला तिघांचे निबंध तपासायला. वाटप मुदत संपल्यानंतरच करा. आधी केलं तर उशिरा आलेले निबंध कोणाच्याच वाट्याला जात नाहीत. टप्पा आपोआप बदलणारा पर्याय आणि वेळापत्रकाप्रमाणे होणारं वाटप सर्व्हरच्या क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) चालतात. क्रॉन बंद असेल तर काहीच हलत नाही आणि कारणही कळत नाही.

पहिल्या फेरीत गुण द्यायला सांगितले. सगळ्यांनी सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले. वर्गमित्राला कमी गुण कोण देणार? दुसऱ्या फेरीत ‘कमेंट’ ही पद्धत निवडली, तिच्यात निकषांना गुणच नसतात. प्रश्न दोन: मुद्दा पटवणारं एक वाक्य जसंच्या तसं उतरवा; जिथे अडखळलात ते वाक्य उतरवा आणि तिथे काय कळलं नाही ते लिहा. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं अतिशय उपयोगी निघाली. ‘कोण म्हणतंय ते कळत नाही’ हे मित्राने लिहिलं की विद्यार्थी ते दुरुस्त करतो. तीच खूण शिक्षकाच्या लाल शाईत असली की नुसती पाहून ठेवतो.

६ ऑक्टोबर: ट्वाइनमध्ये कथा

ट्वाइन म्हणजे फाटे फुटणारी कथा लिहायचं साधन. कथेचा प्रत्येक तुकडा ही एक खोली, खोल्या दुव्यांनी जोडलेल्या, आणि त्यांचा नकाशा पडद्यावर. काम: व्हेराच्या बाजूने कथा, किमान सात परिच्छेद-खोल्या, दोन शेवट, आणि व्हेराची हकीकत दुसऱ्या कोणीतरी सांगितलेली, म्हणजे रिपोर्टेड स्पीच आपोआप वापरावं लागतं. फोनवर नकाशा हाताळता येत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेतच करायचं.

दोन ठिकाणी वेळ गेला. ब्राउझरमधलं ट्वाइन कथा त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये साठवतं. आमच्या प्रयोगशाळेतले संगणक पुन्हा सुरू केले की पूर्ववत होतात, त्यामुळे पहिल्या दिवसाचं काम दुसऱ्या दिवशी नव्हतं. तास संपायच्या दहा मिनिटं आधी ‘फाइलमध्ये प्रकाशित करा’ आणि ती एचटीएमएल फाइल स्वतःला मेल करा, हे फळ्यावर लिहून ठेवा. तीच फाइल दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्वाइनमध्ये घेता येते. दुसरं: दुव्याचं नाव दुहेरी चौकटी कंसात लिहिताना एक अक्षर लहानमोठं झालं तरी ट्वाइन नवी रिकामी खोली बनवतं. कथा अचानक कोऱ्या पानावर संपते. नकाशात सुटी पडलेली खोली दिसली की आधी स्पेलिंग पाहा.

हे काम जोड्यांनी द्या. एकट्याने सात खोल्या लिहिताना मुलं तिसऱ्या-चौथ्या खोलीतच कंटाळली.

१५ ऑक्टोबर: दिवाळीच्या सुट्टीआधी

अंतर्गत गुणांसाठी फक्त तीन गोष्टी धरल्या: थांबत थांबत वाचनातले पुरावे, कवितेवरचं टिपण आणि निबंधाची दुरुस्त केलेली प्रत. रेकॉर्डिंग आणि ट्वाइनला गुण नाहीत. खोली, फोन, संगणक यांची सोय सगळ्यांना सारखी नव्हती, आणि त्या फरकाचे गुण देणं योग्य नाही. ज्यांचा फोन बंद पडला त्यांना कथेचे तुकडे झेरॉक्स करून दिले, अंदाज कागदावर घेतले. उपक्रम तसाही चालतो.

पुढच्या सत्रासाठी मूडलचा बॅकअप घेताना ‘नोंदणी केलेले वापरकर्ते’ ही खूण काढा, नाहीतर या वर्षीच्या मुलांची उत्तरं नव्या वर्गासमोर जातात. गुगल डॉकची नवी प्रत काढतानाही कमेंट सोबत घेण्याची चौकट रिकामी ठेवा. गुहागरच्या मुलीचं टिपण तेवढं तिला विचारून वेगळं उतरवून ठेवलं आहे. पुढच्या वर्गाला ते तिसऱ्या कडव्याचं काम पूर्ण झाल्यावरच दाखवायचं, आधी नाही.